अवघड दिवसांतील सोबती : संत जोसेफ वाझ



घरभेटीला गेलो की बहुतेक कुटुंबांत एक प्रश्न या ना त्या शब्दांत कानी पडतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचे आजारपण लांबलेले असते, कुणाच्या मुलीचे लग्न जमत नसते, कुठे भावाभावांत बोलणे बंद झालेले असते. घरात नियमित जपमाळ होते, रविवारची मिस्सा चुकत नाही, तरीही दिवस पालटत नाहीत. मग मनात येते की देव आपल्यावर रुसला तर नाही ना? आपल्या हातून काही पाप घडले म्हणून ही शिक्षा तर नव्हे?

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा एका धर्मगुरूचे जीवन आपल्यापुढे ठेवावे असे वाटते. ते आपल्या शेजारच्या गोव्याचे. नाव संत जोसेफ वाझ. त्यांची प्रतिमा अनेकांनी पाहिली असेल, पण त्यांच्या आयुष्यातील किती वर्षे अडचणीत, वाट पाहण्यात आणि मनाविरुद्ध गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी सासष्टीतील बाणावली या गावी, आईच्या माहेरी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घर धार्मिक होते. पुढे जोसेफने गोव्यात जेज्विट फादरांच्या संत पॉल कॉलेजात शिक्षण घेतले, डोमिनिकन फादरांच्या विद्यालयात तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास केला आणि 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लवकरच एक चांगले प्रवचनकार व पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांचे नाव झाले. सांकवाळ येथे त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा चालवली. 1677 साली त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी अर्पण केले.

त्या काळी श्रीलंकेहून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनहून, दुःखद वार्ता येत असत. 1658 साली डच लोकांनी पोर्तुगीजांना तेथून घालवले होते. डच हे प्रोटेस्टंट. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंना देशाबाहेर काढले, चर्चेस ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला आसरा देणे हासुद्धा गुन्हा ठरवला. हजारो कॅथोलिक कुटुंबे मेंढपाळाविना उरली. तरुण फादर जोसेफ यांना ही हाक ऐकू आली आणि आपण तिकडे जावे असे त्यांना मनापासून वाटू लागले.

आता इथून पुढे लक्ष द्या. मागणे चांगले होते, मनात स्वार्थ नव्हता, तरी ते लगेच मान्य झाले नाही. 1681 साली वरिष्ठांनी त्यांना सिलोनऐवजी कानडा प्रदेशात, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या किनाऱ्यावर पाठवले. तेथे त्यांच्यासमोर वेगळेच संकट होते. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील पद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा फिदे यांच्यात अधिकाराचा वाद चालू होता. खरा बिशप कोणाचा, कोणाची आज्ञा पाळायची, यावरून श्रद्धावंतांमध्ये फूट पडली होती. बाहेरच्यांनी दिलेला त्रास माणूस सोसू शकतो, पण आपल्याच माणसांतील भांडण मन पोखरते. कोणत्याही धर्मग्रामात काम केलेल्याला हे सांगावे लागत नाही.

फादर जोसेफ यांनी अशा परिस्थितीत काय केले? वादाचा निकाल लागेपर्यंत ते हात बांधून बसले नाहीत. होन्नावर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी अशा ठिकाणी फिरून त्यांनी मंडळी पुन्हा उभी केली, शाळा सुरू केल्या, आजाऱ्यांची विचारपूस केली. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंशी ते नम्रतेने वागले. 1684 साली ते गोव्यास परतले. सिलोन मात्र अजून दूरच होते.

पुढच्या वर्षी, 1685 मध्ये, जुन्या गोव्यात एकत्र राहून प्रार्थनाजीवन जगणाऱ्या काही गोमंतकीय धर्मगुरूंना ते सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर हा संघ बांधला गेला आणि फादर जोसेफ यांची प्रमुख म्हणून निवड झाली. मानाचे पद होते, सोबती मनासारखे होते, जागा आपल्या माणसांत होती. कुणीही म्हणाले असते, आता स्थिरस्थावर व्हावे. पण 1686 साली ते पद सोडून, जॉन नावाच्या एका तरुणाला बरोबर घेऊन, ते सिलोनला जाण्यासाठी निघाले.

1687 साली तुतिकोरिनहून ते समुद्र ओलांडून गेले. धर्मगुरूचा झगा चालणार नव्हता, म्हणून गरीब भिक्षेकऱ्याचा वेश घेतला होता. या प्रवासात फार हाल झाले. जाफना गाठले तेव्हा त्यांना रक्ती हगवणीने घेरले होते. इतकी वर्षे ज्या भूमीची वाट पाहिली तिथे पोहोचल्यावर मिस्सा नाही, प्रवचन नाही. परक्या गावात, भाषा येत नसताना, एक आजारी भिकारी म्हणून पडून राहणे एवढेच नशिबी आले. काही दयाळू माणसांनी त्यांना जगवले.

बंधू-भगिनींनो, अंथरुणाला खिळलेल्यांना मी विशेषकरून हा प्रसंग सांगेन. सेवा घेणे हे सेवा करण्यापेक्षा कठीण असते. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला सुनेच्या हातून पाणी घेताना कमीपणा वाटतो. पण हा महान मिशनरी आपल्या मिशनभूमीवर प्रथम पोहोचला तो लोकांच्या दयेवर जगणारा म्हणून. त्या दिवसांत त्यांनी काहीच केले नाही असे आपल्याला वाटेल. देवाच्या हिशेबात ते दिवस वाया गेले नाहीत.

बरे झाल्यावर त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागायला सुरुवात केली. जपमाळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, हे ते निरखत. अशा रीतीने एकेक कॅथोलिक घर सापडत गेले. मग रात्री, बंद दारांआड मिस्सा होऊ लागली. जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावातील श्रद्धावंतांनी त्यांना आसरा दिला. डच अधिकाऱ्यांना सुगावा लागला, छळ सुरू झाला, आणि 1690 च्या सुमारास त्यांना पुत्तलमकडे जावे लागले. तेथून 1692 साली ते कँडीच्या बौद्ध राजाच्या राज्यात गेले.

तेथे काय वाढून ठेवले होते? पोर्तुगीजांचा हेर असा आळ आला आणि फादर जोसेफ यांना दोन सोबत्यांसह कैदेत टाकण्यात आले. विचार करा. सिलोनमध्ये धर्मगुरू दुर्मीळ, लोक वर्षानुवर्षे संस्कारांसाठी तहानलेले, आणि धर्मगुरू गजांआड. याहून निरर्थक गोष्ट कोणती? आपण असतो तर देवाला किती प्रश्न विचारले असते!

फादर जोसेफ यांनी कैदेत सिंहली भाषा शिकायला घेतली. तमीळ त्यांनी आधी आत्मसात केली होती. आता राजधानीच्या लोकांची भाषा हवी होती, आणि शिकायला वेळ होता. पहारा सैल झाल्यावर त्यांनी आवारात एक साधी झोपडी उभारून तिचे प्रार्थनामंदिर केले. हळूहळू तेथील ख्रिस्ती लोक त्यांच्याकडे येऊ लागले. पुढे 1693 च्या दुष्काळात राजाच्या विनंतीवरून त्यांनी प्रार्थना केली आणि भरपूर पाऊस पडला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली. ज्या राज्यात ते कैदी म्हणून गेले, तेच राज्य त्यांच्या कार्याचे सुरक्षित केंद्र बनले.

1697 साली कँडीत देवीची साथ आली. धडधाकट लोक रोग्यांना सोडून पळाले. फादर जोसेफ एका सहकारी धर्मगुरूसह मागे राहिले. त्यांनी रोग्यांना खाऊपिऊ घातले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. हा बौद्ध, हा ख्रिस्ती, असा भेद केला नाही. दहा वर्षांपूर्वी स्वतः परक्यांच्या दयेवर जगलेल्या माणसाला टाकून दिलेल्या रोग्याचे दुःख कळत होते, असे म्हणायला हरकत नाही.

नंतर गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. 1705 साली आलेले फादर जाकोमे गोन्साल्विस यांनी सिंहली व तमीळ भाषांत विपुल ख्रिस्ती साहित्य लिहिले. फादर जोसेफ यांना वरचे धर्मपद देण्याची बोलणी झाली. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. शरीर थकले, तरी काम चालूच होते. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी प्रभूच्या हाती प्राण सोपवला. ते गोव्यास परत कधीच गेले नाहीत. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 21 जानेवारी 1995 रोजी त्यांना धन्यवादित आणि पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी संत म्हणून घोषित केले. दोन्ही सोहळे कोलंबोलाच झाले.

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. तत्त्वज्ञानात आम्हाला एक गोष्ट शिकवतात : एखादी घटना कशामुळे घडली हा एक प्रश्न, आणि तिच्यातून काय साधेल हा दुसरा प्रश्न, दोहोंची गल्लत करू नये. फादर जोसेफ आजारी पडले ते प्रवासातील हालांमुळे. ते कैदेत गेले ते माणसांच्या संशयामुळे. त्यात कुठेही देवाची शिक्षा नव्हती. म्हणून आजाऱ्याला कृपा करून असे सांगू नका की तुझ्या पापाचे हे फळ आहे. आपल्या प्रभूनेही जन्मांध माणसाविषयी तसे म्हणायला नकार दिला होता. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन, सर्व काही लवकरच ठीक होईल, असे वचनही देऊ नका. ते देणे आपल्या हाती नाही.

देव वाईटातूनही चांगले घडवू शकतो, ही आपली श्रद्धा आहे. पण ते चांगले काय असेल, हे कैदेत बसलेल्या माणसाला दिसत नसते. फादर जोसेफ यांनाही दिसले नसणार. त्यांना दिसला तो फक्त आजचा दिवस, आणि आजच्या दिवसात करता येण्याजोगे एक छोटे काम. आजाराने पडून असता दुसऱ्याची मदत घ्यायची. कैदेत असता भाषेचे चार शब्द शिकायचे. वाद चालू असता आजाऱ्याला भेटून यायचे.

या आठवड्यात आपणही एवढेच करून पाहू या. आपल्या अडचणीचे उत्तर मिळो न मिळो, आज जे एक काम हातून होण्यासारखे आहे ते करू या. प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर जपमाळ नुसती हातात धरून बसा. तीही प्रार्थनाच आहे. ज्यांच्यावर औषधोपचार चालू आहेत त्यांनी ते सोडू नयेत, आणि ज्यांना मदतीची गरज आहे त्यांनी ती मागायला लाजू नये. आपल्या आळीत कुणी एकटे पडले असेल, तर त्या घरी रविवारच्या मिस्सेनंतर दहा मिनिटे बसून या. उपदेश नको, सोबत पुरे. कुणाला मन मोकळे करायचे असेल तर धर्मगुरूंच्या निवासाचे दार उघडे आहे. वेळ ठरवून यावे असेही नाही.

संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती करा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू