अध्यापन आणि अध्ययन : रामकृष्ण गोपाळ भांडारकर

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. रत्नागिरीत शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ते दक्षिणा फेलो झाले. पेशवाईत विद्वानांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमदानीत या छात्रवृत्त्या सुरू झाल्या होत्या. फेलोने कनिष्ठ वर्गांना शिकवावे व स्वतःचा अभ्यासही चालवावा, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे वर्गात अध्यापक असलेले भांडारकर १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या दृष्टीने परीक्षार्थीच होते. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे यांच्यासह त्यांचाही समावेश होता. संस्कृताचा व्यासंगही त्यांनी याच काळात शास्त्र्यांच्या साहाय्याने वाढविला.

शिकविण्याच्या कामात वेळ खर्ची पडे. परंतु नवशिक्या कोठे अडखळतो, याची जाणही त्यातूनच येते. पुढे त्यांनी रचलेल्या ‘मार्गोपदेशिके’ने विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना संस्कृताची वाट दाखविली. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. दरेकशासारख्या गावी शाळेत शिकवीत पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हे चरित्र म्हणूनच अभ्यासावे : त्याची दोन्ही कामे परस्परांना पूरक ठरू शकतात.