बाबासाहेबांच्या हाती चार वर्षे

आमचा पोरगा परदेशी शिक्षणासाठी व्हिसाचा अर्ज भरतो, तेव्हा आम्हाला १९१७ सालचे बाबासाहेब आठवतात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडन विद्यापीठाने सवलत दिली ती एवढीच : चार वर्षांच्या आत परत या आणि पुढे शिका.

इकडे बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. पारशी वसतिगृहातूनही त्यांना हाकलले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजारांचे कर्ज दिले. (भथेना हेही पारशीच!) मुदतीचे वर्षभर शिल्लक असताना, सप्टेंबर १९२० मध्ये, ते लंडनला पोहोचले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आज ब्रिटनचा व्हिसा मागणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाची फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दाखवावा लागतो. पूर्ण खर्चाच्या सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असले, की ही अट सुटते. ते पत्रच वेळेवर हाती पडले नाही, तर शेतमजुराच्या पोराने ही रक्कम कोणाकडे मागायची?