जर्मनीचे गुरुजी : फिलिप मेलांक्थॉन

फिलिप मेलांक्थॉन ह्यांचा जन्म १४९७ साली झाला. २१ व्या वर्षी ते विटेनबर्ग विद्यापीठात ग्रीकचे अध्यापक व पुढे मार्टिन लूथर ह्यांचे सहकारी झाले. १५४६ साली लूथर प्रभूकडे गेले. त्याच वर्षी युद्ध पेटून विद्यापीठ बंद पडले. १५४७ साली प्रॉटेस्टंट पक्ष हरला. विटेनबर्ग मॉरिसच्या हाती गेले. तो प्रॉटेस्टंट असूनही सम्राटाच्या बाजूने लढला होता. त्याच्या अमलाखाली शिकवणे अनेक बंधूंना विश्वासघात वाटला. पण विद्यापीठावाचून मंडळ्यांना शिकलेले पाळक कोठून मिळणार? मेलांक्थॉन ह्यांनी निंदा सोसून त्याच वर्षी विद्यापीठ पुन्हा उभे केले व १५६० साली मृत्यू येईपर्यंत तेथेच शिकविले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकहो, मंडळीत तंटा झाला तरी मुलांचा वर्ग बंद पडू देऊ नका.