पोस्टातून मिळालेली मावशी

हाताने रंगवलेली पाकिटं एकमेकींना पाठवायची, असा आम्हा काही जणींचा छंद आहे. मी कळव्याची, बाकीच्या कुठल्या कुठल्या गावच्या. काहींना तर मी अजून प्रत्यक्ष भेटलेलीही नाही! लग्नपत्रिकांचे जाड कागद, जुन्या कॅलेंडरची चित्रं, साडीच्या काठाचे तुकडे, पुस्तकात दाबून वाळवलेली पानंफुलं असं काय काय त्या पाकिटांवर चढतं. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठासारखी पांढरीशुभ्र वारली माणसं तर ठरलेलीच. मोबाइलवर क्षणात निरोप जात असताना हा खटाटोप कशाला, असं घरी-दारी विचारलं जातं. तेव्हा मी कल्याणच्या एका लेकीची गोष्ट सांगते. अनोळखी बाईच्या एका पत्राने तिचं अवघं आयुष्य बदलून गेलं होतं.

ही लेक म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं नाव. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ सालची कादंबरी घरोघरी पोचली, २०१९ मध्ये त्याच नावाचा सिनेमाही आला. त्यामुळे आनंदी म्हटलं की पाठोपाठ गोपाळ हे नाव येतंच. पण या गोष्टीत एक तिसरं माणूस आहे आणि ते आलं पोस्टातून. मला त्याच माणसाबद्दल सांगायचंय.

३१ मार्च १८६५ हा आनंदीबाईंचा जन्मदिवस. माहेर कल्याणच्या जोशींचं, माहेरचं नाव यमुना. आमच्या कळव्याहून स्लो लोकलने कल्याण काही फार लांब नाही. १८५४ मध्येच ठाण्यापुढे कल्याणपर्यंत आगगाडी आली होती. गाडी आली, तरी मुलींची लग्नं मात्र जुन्याच वयात व्हायची. यमुना नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा वीस वर्षांनी मोठा, बिजवर आणि नोकरी कुठे, तर पोस्टात! यमुनेची आनंदी झाली आणि गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर तिचं बिऱ्हाड अलिबाग, मुंबई, कोल्हापूर, भुज, कलकत्ता असं फिरू लागलं.

बायकोने शिकलंच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळात असा हट्ट धरणारा नवरा विरळाच, हे मान्य करायलाच हवं. पण त्या हट्टाला मायेची बाजू फार थोडी होती. अभ्यास झाला नाही की मार बसायचा. चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेलं. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. आपल्या बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं ते तेव्हापासून.

आता पत्रांकडे येऊ. गोपाळराव १८७८ मध्ये कोल्हापूरला होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात राहून गेलेले. त्यांनी उत्तर धाडलं, पण त्यात ख्रिस्ती होण्याची अपेक्षा होती. ते जोशी दांपत्याला मंजूर नव्हतं. म्हणजे विषय तिथेच संपायचा. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. त्या मासिकाचा एक अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडला. कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत चाळता चाळता! दूर हिंदुस्थानात एका लहान मुलीला डॉक्टर व्हायचंय, हे वाचून त्या बाई गप्प बसल्या नाहीत. १८८० मध्ये त्यांनी सरळ आनंदीबाईंनाच पत्र लिहिलं. ओळख ना पाळख, ना नातं ना गोतं!

आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी इंग्रजीत उत्तर लिहिलं आणि पत्रमैत्री सुरू झाली. काळ अनुकूल होता, हेही लक्षात घ्या. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता. भारत १८७६ मध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला होता. तरी पत्र बोटीनेच जायचं. आज प्रश्न विचारावा आणि उत्तर काही महिन्यांनी हाती यावं, असा तो मामला.

या पत्रांतून दोघी काय बोलत? आपल्याकडच्या चालीरीती, धर्म, बालविवाह, बायकांची दुखणी. आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायला सुरुवात केली. हे मला फार बोलकं वाटतं. बहिणीच्या मुलीवर जिचा हक्काचा जीव असतो ती आपल्याकडे मावशी. सात समुद्रांपलीकडच्या बाईला या मुलीने ते नातं दिलं. आणि मावशीनेही ते निभावलं. कलकत्त्याला असताना आनंदीबाईंची तब्येत सारखी बिघडे. डोकेदुखी, बारीक ताप, धाप लागणं. तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधं पाठवली. गुण आला नाही, पण काळजी तर पोचली!

घरात आनंदीबाई कुणाची तरी बायको होत्या, विद्यार्थिनी होत्या. रस्त्यात लोक त्यांना नावं ठेवत. पत्र लिहिताना मात्र त्या आपल्या बुद्धीने, आपल्या मनाचं बोलत. समोरची बाई ते मन लावून वाचत होती. माझ्या मते औषधांपेक्षा हे औषध मोठं होतं.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या, आनंदीबाईंनी भरसभेत भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातोय ते सांगितलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. ७ एप्रिलला त्या बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. वय अठरा. ४ जून १८८३ ला बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा उतरवून घ्यायला कार्पेंटरमावशी हजर! तीन वर्षं जिचं फक्त अक्षर ओळखीचं होतं, ती बाई आता समोर उभी होती. आनंदीबाई रोझेलला तिच्याच घरी जाऊन राहिल्या.

तिथूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचं पत्र लिहिलं. आपलं शिक्षण तुमच्या अटींत बसत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. उलट, ज्या बायकांना पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण बरं वाटतं त्यांच्यासाठी आपल्याला शिकायचंय, असं मांडलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. हे पत्र फिलाडेल्फियात आजही जपून ठेवलेलं आहे.

अमेरिकेतून त्यांनी नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र तर मी विसरूच शकत नाही. लहान वयात लाकडाने बसलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं त्यांनी त्यात वयासकट लिहून काढलं. आदळआपट नाही, आकांडतांडव नाही. समोर उभं राहून जे कधी बोलता आलं नसतं, ते कागदावर उतरलं. गोपाळरावांचे उपकार मानणारी बाईच हे लिहीत होती, म्हणून त्याचं वजन जास्त.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या. प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाची जबाबदारीही ठरली होती. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस जेमतेम महिन्यावर आला होता.

नंतर त्यांची रक्षा समुद्रापार कार्पेंटरमावशींकडे धाडण्यात आली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. आपल्या घरच्या कबरींत परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या मुलीला जागा देणं ही लहानसहान गोष्ट नाही. आणि नातं कशाचं होतं? शाई-कागदाचं!

ती पत्रं पुढेही कामी आली. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये मराठीत आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, ते पत्रांच्या आधारानेच. पत्रं जपली नसती तर आनंदीबाईंचं मन आपल्याला नवऱ्याच्या गोष्टीतूनच कळलं असतं.

कळव्यात ठाणे महापालिकेचं मोठं रुग्णालय आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुली पांढरा ॲप्रन हातावर टाकून स्टेशनकडे जाताना दिसतात. यातल्या किती जणी घर सोडून, हॉस्टेलवर एकट्या राहून शिकत असतील! परीक्षेच्या दिवसांत आईला फोनवर 'मी बरी आहे' म्हणून मोकळ्या होत असतील. बरं नसेल तेव्हा त्या कुणाला सांगतात?

म्हणून मैत्रिणींनो, माझं एक सांगणं आहे. आपल्या नात्यात, ओळखीत अशी एखादी मुलगी असेलच. तिला एक पत्र लिहा. हात चांगला असेल तर पाकिटावर जाई-जुई काढा, नसेल तर नुसतं हळदीचं बोट लावा. पत्त्याची जागा तेवढी कोरी ठेवा, पोस्टमनदादांना त्रास नको! आणि पत्रात उपदेश नको. तिला दोन-चार प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघतेय, असं शेवटी आवर्जून लिहा.