जॅक जॉन्सन

जॉन आर्थर ऊर्फ जॅक जॉन्सन (३१ मार्च १८७८ – १० जून १९४६) हे अमेरिकन मुष्टियोद्धे होते. हेवीवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. १९०८ ते १९१५ या काळात हे विजेतेपद त्यांच्याकडे होते.

प्रारंभिक जीवन

जॉन्सन यांचा जन्म टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या शहरात झाला. त्यांचे आईवडील पूर्वी गुलामगिरीत होते. जॉन्सन यांनी लहान वयातच शाळा सोडून गोदीत हमाली केली. फेब्रुवारी १९०१ मध्ये अनुभवी मुष्टियोद्धे ज्यो चोइन्स्की यांनी त्यांना तिसऱ्या फेरीत पराभूत केले. बक्षिसासाठी मुष्टियुद्ध खेळणे टेक्सासमध्ये बेकायदेशीर असल्याने दोघांनाही अटक झाली. तुरुंगातील सुमारे तीन आठवड्यांत चोइन्स्कींसोबत सराव करताना जॉन्सन यांनी बचावाचे तंत्र आत्मसात केले. पुढे हीच त्यांच्या खेळाची ओळख ठरली.

विजेतेपद

१९०३ मध्ये डेन्व्हर एड मार्टिन यांचा पराभव करून त्यांनी केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेले हेवीवेट विजेतेपद मिळवले. गोरे जागतिक विजेते मात्र कृष्णवर्णीयांना किताबासाठी लढण्याची संधी देत नसत. जेम्स जेफ्रीज हे अशी लढत न देताच १९०५ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतरचे विजेते, कॅनडाचे टॉमी बर्न्स यांचा जॉन्सन यांनी इंग्लंड व ऑस्ट्रेलियापर्यंत पाठपुरावा केला. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे लढत झाली. तिच्यासाठी बर्न्स यांना ३०,००० डॉलर, तर जॉन्सन यांना ५,००० डॉलर मिळाले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी सामना थांबवला व जॉन्सन विजयी घोषित झाले.

त्यांना हरवण्यासाठी गोऱ्या आव्हानवीराचा शोध सुरू झाला आणि जेफ्रीज निवृत्तीतून परतले. ४ जुलै १९१० रोजी नेव्हाडातील रिनो येथे जॉन्सन यांनी त्यांना पंधराव्या फेरीत नमवले. या निकालानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. त्यांतील बहुतेक बळी कृष्णवर्णीय होते. लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाही झाला.

स्वतः विजेते झाल्यावर मात्र जॉन्सन यांनी सॅम लँगफर्ड यांच्यासारख्या प्रबळ कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांना किताबासाठी लढण्याची संधी दिली नाही.

खटला व परागंदा जीवन

जॉन्सन यांचे गोऱ्या स्त्रियांशी असलेले संबंध व विवाह तत्कालीन गोऱ्या समाजाला मान्य नव्हते. अनैतिक हेतूने स्त्रियांना राज्याबाहेर नेण्यास बंदी घालणाऱ्या मॅन कायद्याखाली १९१३ मध्ये केवळ गोऱ्यांचा समावेश असलेल्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. त्यांना एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. ती टाळण्यासाठी त्यांनी देश सोडला. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलर्ड यांनी सव्विसाव्या फेरीत त्यांना हरवून विजेतेपद घेतले. १९२० मध्ये मायदेशी शरण येऊन त्यांनी लेव्हनवर्थ तुरुंगात शिक्षा भोगली.

मृत्यू व वारसा

नॉर्थ कॅरोलिनात झालेल्या मोटार अपघातात वयाच्या ६८व्या वर्षी जॉन्सन यांचे निधन झाले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. खटल्यानंतर १०५ वर्षांनी, मे २०१८ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली.