डॉ. शिरोडकरांचा टाका

आपल्यापैकी जे डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहतात, त्यांनी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे नाव ध्यानात ठेवावे. त्यांचा जन्म 1899 साली गोव्यातील शिरोडा गावी, पोर्तुगीज अमदानीत झाला. शालेय शिक्षण हुबळीस झाले. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. 1923 साली एम.बी.बी.एस., 1927 साली एम.डी. आणि 1931 साली विलायतेत एफ.आर.सी.एस. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या. परत आल्यावर त्याच कॉलेजात ते स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

शस्त्रक्रिया शिकणाऱ्याचा पहिला धडा म्हणजे हाताने गाठ मारणे. मेडिकलची मुले खुर्चीच्या पाठीला दोरा अडकवून तासन्‌तास हेच करतात. पहिला फेरा एका बाजूने घेतला, तर दुसरा उलट बाजूने घ्यावयाचा. दोन्ही एकाच बाजूने घेतले की गाठ घसरते. आपल्या आया पुडक्याला सुतळी बांधतात तेव्हाही हाच फरक पडतो, पण पुडके सुटले तर फार बिघडत नाही. खोल, अरुंद जागी दोन्ही हात शिरत नाहीत. तिथे तर्जनीने गाठ खाली सरकवावी लागते, आणि किती आवळायची हे बोटालाच कळावे लागते.

अशाच अवघड जागी डॉ. शिरोडकरांनी काम केले. काही स्त्रियांचा गर्भ दर वेळी चौथ्या ते सातव्या महिन्यात पडे. विश्रांती झाली, औषधे झाली, नवस-तावीज झाले, आणि अखेर दोष त्या बाईलाच दिला जाई. डॉक्टरांच्या मते अशा पुष्कळ स्त्रियांच्या गर्भाशयाचे तोंडच कमजोर असे आणि वजन वाढताच ते अकाली उघडे. किमान चार गर्भपात झालेल्या आणि ही कमजोरी तपासून सिद्ध झालेल्या स्त्रियाच त्यांनी निवडल्या.

मग बांधायचे कशाने? जनावराच्या आतड्याच्या दोऱ्याने शिवण्याविषयी कॉर्डोव्हाच्या अल्-जहरावींनी इ.स. 1000च्या सुमारास लिहून ठेवले होते, पण तो दोरा अंगात विरघळतो. इथे बंधन काही महिने टिकायला हवे होते. डॉ. शिरोडकरांनी त्या स्त्रीच्याच मांडीतील चिवट आवरणाची पट्टी काढली, मूत्राशय वर सारून ती गर्भाशयाच्या तोंडाभोवती फिरविली आणि टोके पक्की केली. सैल राहिले तर उपयोग नाही, फार आवळले तर इजा. ही पद्धत 1955 साली प्रसिद्ध झाली. 1957 साली मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा सोपा टाका सुचविला. तो आज अधिक घातला जातो, पण शिरोडकरांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीला टाका लागतो असे मात्र नाही. डॉक्टर सोनोग्राफी व पूर्वीचा अनुभव पाहून ठरवितात.

1960 साली त्यांना पद्मभूषण आणि 1971 साली पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ते निवर्तले. आता मांडीतील पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरतात. साधारण 37व्या आठवड्यात ती गाठ शोधून कापतात, आणि मग बाळाला वाट मोकळी होते.