जॉर्ज हॅरिसन : ‘बीटल्स’चा तिसरा गीतकार

लिव्हरपूलमधील बस-कर्मचाऱ्याच्या घरी २५ फेब्रुवारी १९४३ रोजी जन्मलेले जॉर्ज हॅरिसन हे ‘बीटल्स’चे प्रमुख गिटारवादक. लेनन-मॅकार्टनी जोडीपुढे त्यांच्या गीतांच्या वाट्याला अल्बममध्ये जेमतेम एकदोन जागा येत. ही उपेक्षा किती अन्यायाची होती, हे १९६९ च्या ‘समथिंग’ने दाखवून दिले. तत्पूर्वी १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी ते मुंबईत आले होते. सतारीवर प्रभुत्व मिळवणे या जन्मी शक्य नाही, हे ओळखून ते पुन्हा गिटारकडे वळले. हा प्रांजळपणा दुर्मीळच. बीटल्स विखुरताच साचलेली गीते १९७० मध्ये तीन तबकड्यांच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’मधून बाहेर पडली. पुढच्याच वर्षी १ ऑगस्टला, रविशंकरांच्या शब्दाखातर, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी दोन मैफली भरवल्या. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.